मंगळवारचं नॉर्वेजियन

६ नोव्हेंबर २००७, मंगळवार

आज अकरा शब्द! व्याज – रेन्ते. हप्ता – आवद्राग. देय तारीख – फोरफाल. कर्ज म्हणजे चक्क लोन! आपण सांगलीत म्हणायचो तसंच. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

मिसेस हॅल्वरसन हसत होत्या. म्हणे, माझ्याकडे शिकणारे सगळे आधी गाय-घोडा-झाड करतात, तू पहिल्याच महिन्यात व्याजाला हात घातलास. म्हटलं, मला ओस्लोला जाऊन गायीशी बोलायचं नाहीये, बँकेत नोकरी करायची आहे.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आईवडील नॉर्वेहून आलेले, इथेच मिनेसोटात शेती केली. स्वतः एकतीस वर्षं एका छोट्या गावातल्या बँकेत काउंटरवर. मी सांगलीला सहकारी बँकेत कर्ज विभागात. आमचं जमायला दुसरं काय लागतं! पैसे घेत नाहीत. मी पोहे नेते, त्या कॉफी करतात.

वहीत तीन रकाने आखलेत. इंग्रजी, नॉर्वेजियन, मराठी.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

आज शब्दाशी भांडण. लोने म्हणजे कर्ज घेणे. आणि लोने म्हणजेच कर्ज देणे! मी म्हटलं, असं कसं? देणारा आणि घेणारा एकच? माझ्या टेबलाच्या या बाजूला मी बसायचे, त्या बाजूला अर्जदार. मध्ये चांगलं चार फुटी टेबल होतं!

मिसेस हॅल्वरसन म्हणाल्या, वाक्य पुरं ऐकलं की कळतं कोण देतंय. बरं. मग मी त्यांना 'उसनं' समजावलं – वाटीभर साखर, दोन अंडी, ज्याला व्याज नसतं. नॉर्वेजियनमध्ये त्यालाही लोनेच. गरीब भाषा बिचारी! तिसऱ्या रकान्यात मी दोन्ही लिहिलं.

निमिषला सांगितलं तर म्हणाला, "वा! आता ओस्लोची बँक तुझीच." खूश दिसला. पाच वर्षांत माझ्या तोंडून त्याने पहिल्यांदा एवढं बोलणं ऐकलं असेल.

२२ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बर्फ. अनिकाने विचारलं, "आई, आर वी मूव्हिंग फॉर शुअर? माय टीचर वॉन्ट्स टु नो." निमिष म्हणाला, बघू गं, अजून डेट यायचीय. त्याच्या कंपनीचं तिकडचं काम मेमध्ये सुरू होणार आहे. तीन वर्षं!

इथे त्याच्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. तिकडे बायकोलाही येते. दुसरं काही मला नकोच आहे. पाच वर्षं मी ईडन प्रेरीत गादीच्या चारी कोपऱ्यांना चादरीचं इलॅस्टिक नीट बसवतेय. मी! जिच्या सहीशिवाय तालुक्यातला एक ट्रॅक्टर हलत नव्हता.

११ डिसेंबर, मंगळवार

सांगलीहून पत्र. बँकेचं. माझी पाच वर्षांची बिनपगारी रजा एकतीस मार्चला संपते. त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. आपण होऊन दिला तर ग्रॅच्युइटी वगैरे सुरळीत मिळेल, नाहीतर चौकशी लागेल. खाली जगन्नाथ काळेसाहेबांची सही. पेनने वर लिहिलंय – "मॅडम, तुमची खुर्ची अजून तशीच आहे."

रडूच आलं. लग्नात घातलेले दागिने मी लॉकरात ठेवून आले, ते इतके आठवत नाहीत. ती खुर्ची आठवते.

ही रजा म्हणजे माझी मागची वाट होती. कधी बोलले नाही, पण होती.

१६ डिसेंबर

निमिषशी बोलले. म्हणाला, "पद्मजा, तू ओस्लोला नोकरी करणार ना? मग हे कशाला धरून ठेवायचं? दोन डगरींवर हात नको." पटलं. शांतपणे बोलत होता, चहा त्यानेच केला होता. म्हटलं, नक्की ना रे? म्हणाला, "अगं, नक्की म्हणजे काय!"

२७ डिसेंबर

राजीनामा लिहिला. चार ओळी. चौदा वर्षांच्या नोकरीला चार ओळी पुरतात. निमिष ऑफिसला जाता जाता स्वतः कुरियर करतो म्हणाला. पाकीट मी त्याच्या हातात दिलं.

८ जानेवारी २००८, मंगळवार

जामीनदार – काउशोनिस्त. तारण – पान्त. (अनिका पँट पँट करून लोळली.) डुकराच्या आकाराचा गल्ला – स्पारेग्रीस. हा अनिकाला दिला.

मिसेस हॅल्वरसननी मला अर्जदार केलं, स्वतः बँकर झाल्या. मग उलट. मी नॉर्वेजियनमध्ये त्यांचं कर्ज नामंजूर केलं! जामीनदाराचं उत्पन्न कमी होतं. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

२६ जानेवारी, शनिवार

सुलेखाकडे हळदीकुंकू. सुलेखा म्हणजे निमिषच्या टीममधल्या अमितची बायको. आमची इथली पहिली ओळख तीच. हॉलमध्ये खोकी. म्हटलं, घर घेतलं की काय? तर म्हणाली, "अगं, ओस्लो! मूव्हर्स एप्रिलमध्ये येणार, पण मी आत्तापासून पॅक करतेय, यू नो मी."

मी म्हटलं, अय्या, तुम्ही पण? मग किती छान, सोबत होईल!

तिचा चेहरा बदलला. वाण हातात तसंच. "पद्मजा... एकच पोझिशन होती गं. निमिषने नाही म्हटलं म्हणून तर अमितला विचारलं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच. आम्हाला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं."

मागे बायका तिळगूळ वाटत होत्या. मी वाण घेतलं. थँक यू म्हटलं. वर गोडसुद्धा बोलले असेन. गाडीत बसून तारखा जुळवल्या.

थँक्सगिव्हिंगच्या आधी. राजीनामा सत्तावीस डिसेंबरला.

२७ जानेवारी, रविवार

विचारलं. त्याने नाकारलं नाही, एवढंच. म्हणाला, ग्रीन कार्डची रांग चार वर्षं धरलीय, आता सोडून गेलो तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणाला, अनिकाची शाळा. म्हणाला, मी सांगणारच होतो.

"मग मला शिकू का दिलंस?"

"तू किती खूश होतीस! मला सांगवेना यार."

"आणि राजीनामा? तो कुरियर करताना हात कसा नाही थांबला तुझा?"

मग म्हणाला, "तू नाहीतरी सांगलीला परत थोडीच जाणार होतीस!"

मी नव्हतेच जाणार कदाचित. पण ते माझं मी ठरवायचं होतं. माझा दरवाजा त्याने बंद केला आणि वर मलाच कडी लावायला लावली. मी, जी प्रत्येक जामीनदाराला बजावायची – वाचा, विचारा, मग सही करा – तिने स्वतःच्या घरात काही विचारलं नाही! नवऱ्याने चहा करून दिला की झालं. त्याच्या त्या चहाचा संताप येतोय.

२८ जानेवारी

सकाळी सांगलीला फोन. तिकडे संध्याकाळ. काळेसाहेब घरी होते. हळूच म्हणाले, "मॅडम, बावीसच्या मीटिंगला मंजूर झाला. आठवडाभर आधी फोन केला असता तर मी पुढे पाठवलाच नसता." पुढे विचारलं, तिकडे सगळं बरं ना?

बरंय म्हटलं.

तेलही गेलं, तूपही गेलं. माझी आई ही म्हण दुसऱ्या बायकांबद्दल म्हणायची.

२९ जानेवारी, मंगळवार

गेले नाही.

२ फेब्रुवारी

सुलेखाचा फोन. आधी सॉरी, मग अमितचं कसं अवघड झालंय ते, मग – "तुझी ती शब्दांची वही मला देशील? वापरून परत करते." तिला तिकडे बँकेत खातं उघडायचंय म्हणे!

नाही म्हटलं. कारण दिलं नाही. कर्ज नामंजूर करताना कारण लेखी द्यावं लागतं, पण मी आता बँकेत नाही.

तिची काही चूक नाही, मला माहीत आहे. तरी बरं वाटलं. अर्धा तास.

५ फेब्रुवारी, मंगळवार

गेले नाही. मिसेस हॅल्वरसनचा मशीनवर निरोप – ठीक आहेस ना, रस्ते निसरडे आहेत, पुढच्या मंगळवारी तरी ये.

निमिष दोन दिवस भांडी घासतोय. मी घासू देतेय. तो मधूनच काहीतरी विचारतो – भाजी काय आणू, गाडीत पेट्रोल आहे का. मी उत्तर देते. अनिकासमोर आम्ही नीट बोलतो. रागाने ओरडायला हवं होतं ते पहिल्याच दिवशी. आता नुसता त्याच्या प्रत्येक वाक्याखाली हात घालून बघते, खाली काय आहे ते. "मीटिंग आहे" म्हणाला तरी वाटतं, असेल का? हे फार वाईट आहे. ओस्लो हातचं जाण्यापेक्षा वाईट.

आता एकच आहे. मंगळवार तेवढा माझा आहे, त्यात तो नाही. पुढच्या वेळी जाणार. कशासाठी शिकायचं ते मागाहून बघू.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

मिसेस हॅल्वरसनना माहीत होतं. निमिषने डिसेंबरात फोन करून सांगितलं होतं – जाणं रद्द झालंय, तिला एवढ्यात बोलू नका. आज कॉफी ओतताना स्वतःहून म्हणाल्या. का नाही सांगितलंत, विचारलं. "सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आठवडाभरात माझ्या दारात दुसरं कुणी येत नाही, पद्मजा. मी माझा विचार केला."

राजीनामा देतेय हे मी त्यांना अठरा डिसेंबरला सांगितलं होतं. निमिषचा फोन त्याआधी आला की नंतर, ते मी विचारलं नाही.

निमिष अजून म्हणतो, तुझ्यासाठी केलं.

निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या मंगळवारी येशील? मी हो म्हणून बसले.