कासवाच्या पाठीचं गिटार

३ जून
जुनी वाद्यं जोडणाऱ्या भावाबहिणींनो, रोजनिशीतही मी तुमच्याचसाठी भांडते! वाद्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरतात, आपलं कुठेच नाही. आपल्याआधी कुणी काय जोडलं, तेही कुणी सांगत नाही. असो. आज संग्रहालयात रुजू झाले. खोलीत भरपूर उजेड, टेबल माझ्या उंचीचं. आणि पहिलंच काम म्हणजे मेजवानी: चिमुकलं प्राचीन गिटार, तारा आतड्याच्या, पट्टीवर हस्तिदंत, मधल्या भोकावरची जाळी चर्मपत्राची, पाठ अख्खी कासवाच्या कवचाची. भांडार सांभाळणारे अण्णा म्हणाले, आधीच्या तिघी न सांगता गेल्या, तुम्ही निदान चहा पिऊन जा. हसले मी.

४ जून
पाठीला लांब भेग आहे. कवचाला सरस लागत नाही. मिठाच्या उकळत्या पाण्याने मऊ करून दाबलं, की कवचाला कवच जुळतं. भेगेच्या कडेने जुनी ठिगळं आहेत. फिकट, बोटाच्या पेराएवढीही नाहीत, एका टोकाला गोल. मोजली. तीस.

६ जून
कवच मऊ झालं का, हे अंगठ्याच्या नखाने दाबून बघायची आपली सगळ्यांची खोड. आज नख तिथेच चिकटलं. हात ओढला तर बोटापासून अलगद सुटून कवचावरच राहिलं, दुखलंही नाही. नख आणि कवच एकाच जातीचं, हे मीच तर शिकवत आले! अण्णा पांढरेफटक पडले. त्या तिघींचंही असंच सुरू झालं होतं, म्हणाले. मग आधी का बोलला नाहीत, असं खडसावलं.

९ जून
चार नखं गेली. मी हातही लावला नव्हता — जवळ उभी होते, बस. फोनवर लेक म्हणाली, आई, मागे कोण वाजवतंय? खोलीत मी एकटी.

११ जून
नऊ. पेन धरवत नाही. खोली सोडायला निघते, पाय टेबलाकडेच — भेग अजून दोन नखांची. माझ्याकडे एकच उरलंय.

१२ जून
लेक मला न्यायला आलीय. जिन्यात आवाज तिचाच. स्वतः गिटार वाजवते, नखं लांब ठेवते —
मी ओरडतेय, वर येऊ नकोस. तिला फक्त तारा ऐकू येतात —
जोडणाऱ्यांनो, हे दुरुस्त करू नका. बंद पेटीसकट समुद्रात बुडवा. आजच. कुणीतरी —
आत आली. बाळा, हात मागे घे, हात