रद्द झालेलं देहावसान

नांदेड
३ फेब्रुवारी २०२५

मल्लिकार्जुन यास आशीर्वाद.

रागातसुद्धा रीत सोडायची नाही असं सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं, म्हणून आशीर्वाद देते. पण तुझ्या नावाआधी 'चि.' लिहायला हात तयार नाही. परवा सकाळी तुझ्याच घरातून तुझं 'दुःखद देहावसान' झाल्याचं कळवण्यात आलं आणि दुपारी मी उदगीरला पोचले, तर तू अंगणात बसून फोडणीच्या चिरमुऱ्यांची सुशीला खात होतास. चिरमुऱ्यातले शेंगदाणे निवडून बाजूला ठेवत होतास. अशा माणसाला चिरंजीव म्हणायचं की कैलासवासी, हे आधी घरात ठरवा आणि मला कळवा.

कळवायचं ते पत्राने, स्वतःच्या अक्षरात. फोनवर आलेलं काहीही मी यापुढे खरं मानणार नाही. फोन बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला आहे.

तुझ्या बायकोचा, पार्वतम्माचा, खुलासा मी ऐकला. मोंढ्यात, भर धान्यबाजारात, तुझ्या डोक्यावर कावळा बसला. असा कावळा बसला की सख्ख्या माणसाला मरणाची खोटी बातमी धाडायची, त्याने रडायचं, म्हणजे खरं मरण फसतं आणि परत जातं. वा! यमाला फसवायचं आणि त्यासाठी दगदग बहिणीच्या गुडघ्यांना! शेजारची वहिदा भाकरी तव्यावर टाकून माझ्याबरोबर निघाली, तिच्या मुलाने, शहेबाजने, गाडी काढली. लोह्यापासून पुढे ती बिचारी सारखी दुआ म्हणत होती. परतताना तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की आपण कावळ्याच्या कामाला आलो होतो?

आणि शब्द कोणता, तर देहावसान! अख्खी नोकरी मी तार ऑफिसात काढली. मरणाची तार द्यायला आलेला माणूस 'सीरियस' लिहायचा. सीरियस म्हणजे गेला. 'एक्सपायर्ड' म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत मातीसुद्धा झाली. देहावसान कुणी कधी पाठवलं नाही. आपण लिंगायत, निदान लिंगैक्य तरी म्हणायचं! तुझ्या लेकीने, शिवानीने, वर गुलाबांची चौकट लावली, समई पेटवली आणि कुठल्याशा लग्नातला फेट्यातला फोटो टाकला. त्या फोटोत तू जिलेबी चावतो आहेस. नीट बघ.

पार्वतम्माला सांग, तिचा कावळा उपाशी राहिला. माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही.

लोभ होता. तो सध्या फोनशेजारी डाळीत आहे.

सिंधु


उदगीर
७ फेब्रुवारी

ती. सिंधुअक्का हिस मल्लिकार्जुनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमननं मला दारात बघितलं आणि दोन पावलं मागं सरला, म्हणजे शिवानीचा संदेश पोस्टापर्यंत गेलेला हाय. मोंढ्यात तर लई गंमत झाली. शेजारच्या अडत दुकानातला पाशामियाँ गळ्यात पडून रडला, मग मलाच शिव्या घातल्या. इंतकाल झालेल्या माणसानं हरभऱ्याचा भाव विचारत फिरू नये म्हणाला.

अक्का, तू चिडलीस, ते बरोबर हाय. पण तुला एक सांगितलं न्हाई. जिना चढताना छाती आवळून येते. लातूरच्या डॉक्टरनं बायपास सांगितली, २४ तारीख दिली. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला निघायचं त्याच सकाळी, पोत्यांच्या थप्पीजवळ उभा होतो तर हा कावळा डोक्यावर येऊन बसला. नुसता शिवला न्हाई, बसला. आरामात. मी घरी आलो आणि सांगितलं, जात न्हाई. मला कळायचं ते कळलं.

मग पार्वतम्मानं हा उपाय काढला. परक्याचं रडणं चालत न्हाई, सख्ख्या रक्ताचं लागतं. पाशामियाँचं वाया गेलं. लेकीला खोटं ठाऊक, मग सख्खी म्हणून तू एकटीच. तू फाटकातून आत आलीस तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो, आता लातूरला जाऊ. आणि आता तू लिहितीस, टिपूस न्हाई. मग उपाय झालाच न्हाई की! तारीख रद्द करायचा विचार करून राहिलो.

हसशील, हास. तू इंग्रजी शाळेतली. माझ्या डोक्यावर अजून त्याच्या नख्या लागतात.

शिवानी विचारते, देहावसान चुकीचं असेल तर बरोबर काय? पुढच्या वेळेला लिहीन म्हणते. तिला मी बोललोय.

तुझा लोभ डाळीतून काढ, भुंगे लागतील.

मल्लिकार्जुन


नांदेड
११ फेब्रुवारी

मल्लिकार्जुन यास आशीर्वाद.

छाती आवळते हे भावाने बहिणीला सांगायचं नाही, आणि कावळा बसला हे मात्र सगळ्या उदगीरला सांगायचं. उत्तम. तुझी छाती डॉक्टर उघडणार आहे, कावळा नाही. २४ तारखेला त्याची तिथे नेमणूक आहे का, विचारून घे.

शिवानीला माझं उत्तर वाचून दाखव. मी कोश काढून बसले होते. अवसान म्हणजे शेवट, पण त्याच्याही आधी त्याचा अर्थ घोडे सोडायची, विसाव्याची जागा. दिवसभर जुंपलेलं जनावर मोकळं केलं, तेच देहाचं अवसान. वहिदाला विचारलं तर ती म्हणाली, इंतकाल म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं, बिऱ्हाड बदलणं. आमच्या सिस्टर कुणाच्या मरणाला 'डिमाइज' म्हणायच्या; तो शब्द मुळात मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली करण्याचा, राजा मेला की राज्य पुढच्याकडे जातं त्याचा. बघ आता. कुणी बिऱ्हाड हलवतं, कुणी राज्य सोपवतं, कुणी घोडे सोडतं. मरत कुणीच नाही! माणसं सगळीकडची भित्री. कोटबूट घातलेला शब्द पुढे करतात आणि मागे लपतात. तू तर त्या शब्दाच्याही मागे न लपता थेट कावळ्याच्या मागे लपलास.

तुझी गाडी अजून भर चढावर आहे. शिवानीचं लग्न व्हायचं आहे, पार्वतम्माचे गुडघे माझ्याइतकेच वाईट आहेत. चढावर कुणी जनावर सोडतं का? अंगावर येते गाडी, घरच्यांच्या.

रडल्याचं लिहून मागू नकोस. ज्यावर माझा विश्वास नाही त्याला मी साक्ष देत नाही. मी संतापले होते, ते हवं तर तुझ्या कावळ्याला सांग.

तारीख रद्द केलीस तर आशीर्वादसुद्धा बंद.

सिंधु


उदगीर
१५ फेब्रुवारी

ती. सिंधुअक्का यांना पार्वतम्माचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझ्यावर रागावलात, रागवा. मी पुन्हा कावळा बसला तर पुन्हा तेच करीन.

हे काही ऐकेनात. तुमचं पत्र दोन वेळा वाचलं, हसले, आणि मग म्हणाले, बघ, शेवटपर्यंत रडले म्हणून लिहिलं न्हाई. लातूरला नको म्हणून कळवायला शिवानीला फोन घेऊन बसवलं होतं. मी फोन काढून घेतला, म्हटलं अक्काचं अजून एक पत्र येऊ द्या. काल न्हाणीपर्यंत चालून आले तर भिंतीला धरून उभे राहिले. ओठ निळे पडले होते.

खोटं लिहा असं मी म्हणत न्हाई. खोट्यानं उपाय होत न्हाई आणि तुमचं खोटं त्यांना लगेच कळतं. पण अक्का, त्या दिवशी तुम्ही यांना बघितलं आणि सरळ मागच्या हौदावर गेलात. तोंड धुवायला एवढा वेळ लागतो का हो? मी टॉवेल घेऊन दारापर्यंत आले होते. तशीच परत फिरले, मुद्दाम. हे मी यांना सांगितलं न्हाई. ते तुमचं हाय, तुम्ही सांगायचं.

तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली हाय. राग गेला की न्या.

पार्वतम्मा


नांदेड
१८ फेब्रुवारी

चि. मल्लिकार्जुन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे शहेबाजच्या हाती पाठवते आहे, पोस्टाला घाई नसते. एकट्याने वाच. पार्वतम्मा शेजारी असेल तर असू दे, तिला सगळं माहीतच आहे.

लोह्यापासून वहिदा दुआ म्हणत नव्हती. ती मला गप्प करत होती. तिच्या ओढणीचं एक टोक माझ्याकडे होतं, ते पिळता येईल इतकं ओलं झालं. अहमदपूरला शहेबाजने चहाला थांबवलं. चहावाल्याने विचारलं, कोण गेलं, आणि मी धाकटा म्हणायला तोंड उघडलं तर ते तोंडातून येईना. मल्लिकार्जुन, लोकांचे आईबाप, लेकरं, सगळ्यांची मरणं मी टकटक करत पुढे पाठवली आणि मग डबा खाल्ला. हा एवढा एक शब्द मला पाठवता आला नाही. वहिदाने सांगितलं माझ्यासाठी.

तरी ते सगळं खोट्या बातमीचं रडणं झालं. खरं रडले ती हौदावर. तू शेंगदाणे बाजूला काढत होतास, शेवटी एकदम खायला, लहानपणी काढायचास तसेच. ते बघितलं आणि मी हौद गाठला. माणूस मेला म्हणून रडतात हे मला माहीत होतं. मेला नाही म्हणून इतकं रडू येतं, हे या वयात कळलं.

घे तुझी साक्ष. खोटं वाटलं तर वहिदाला विचार, ती कुराणावर हात ठेवून सांगेल. माझा कावळ्यावर अजूनही काडीचा विश्वास नाही. तुझा आहे ना? मग त्याचं देणं फिटलं. सही कर.

मी २३ लाच लातूरला येते. दवाखान्याच्या बाहेर बसेन. आणि यातलं एक अक्षर मोंढ्यात गेलं तर तुझं देहावसान मी स्वतः करीन, शिवानीला नुसता फोटो बदलायला सांग.

फोन डब्यातून काढला आहे. लोभही.

सिंधु


लातूर
२ मार्च

ती. सिंधुअक्का हिस सा. न. वि. वि.

तू आत्ताच खाली वहिदाबीसोबत डबा आणायला गेलीस, तेवढ्यात हे कार्ड लिहून राहिलो. घरी गेलीस की मिळेल. झोपूनच लिहितोय, अक्षराला हसू नको.

छाती शिवली. डॉक्टर म्हणतो, लई उशिरा आलात, पण आलात. सुशीलात तेल कमी घालायला सांगितलंय. शेंगदाण्यांचं मी विचारलंच न्हाई.

सकाळी खिडकीत एक कावळा आला होता. पार्वतम्मानं चप्पल फेकली, चप्पल खाली पडली, कावळा तिथंच. मला काही वाटलं न्हाई.

शहेबाज सांगत होता, मी आत होतो तेव्हा तू बाहेर बाकावर बसून पुन्हा रडलीस. हाव, ऐकलं मी. ते रडणं मोडू नको, साठवून ठेव अक्का, पुढच्या कावळ्याला लागेल.

तुझा चि.
मल्लिकार्जुन