चोवीस अक्षरांचं कुलूप

९ मार्च, संध्याकाळ
कोपऱ्यावरच्या दुकानात शेजारच्या फेर्मिननं मला डॉमिनोत हरवलं. शेवटची सोंगटी दोन्ही टोकांना बसणारी निघाली. आपटली आणि कापिकुआ म्हणून बोंबलला. वर म्हणाला, अरे कंपाद्रे, दोस्ता, कस्टममध्ये एकतीस वर्षं नुसती खुर्ची तपासलीस का? सगळं दुकान हसलं. बघून घेईन.

१० मार्च
फेर्मिन अंगणात नव्या फोनवर बेसबॉल बघतोय. त्याच्या घरी इंटरनेट नाही. म्हणजे माझंच! पासवर्ड माझ्या मुलीचं नाव, कुणालाही सुचेल. कस्टमवाल्याच्या घरात चोरी! सूड ठरला.

१२ मार्च
नवा राउटर आणला, जुना मोडीत दिला. दुकानातली मुलगी म्हणाली, वायफायच्या जुन्या डब्ल्यूपीए-टू कुलपात हॅकर घरी बसून लाखो पासवर्ड लावून बघतो. नव्या थ्रीमध्ये दर वेळी राउटरच्या दारात येऊन विचारावं लागतं. फेर्मिनला दारातच उभं करायचंय, म्हटलं हाच द्या. जुन्या वस्तूंना जुनंच कुलूप कळतं, त्यांच्यासाठी मिश्र मोड ठेवू का, विचारत होती. म्हटलं, भेसळ नको. बघा हं, म्हणाली, मग मला सांगू नका.

१३ मार्च
पासवर्ड चोवीस अक्षरी. पाठ होईना, फ्रिजवर चिकटवला. बाहेरचं कोण येतंय घरात?
फेर्मिन फोन उंच धरून अंगणभर फिरत होता. डोळे निवले. रविवारी चारला मुलगी यानेल्का न्यूयॉर्कहून व्हिडिओ कॉल करणार. आठ दिवसांची नात पहिल्यांदा दिसेल. तोवर फेर्मिन पाया पडत यावा.

१४ मार्च
फेर्मिनकडून राजम्याची गोड खीर आली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत सगळी गल्ली एकमेकांना पाठवते, पण ही लाच आहे. तीन वाट्या खाल्ल्या, विरघळलो नाही. भांडं रिकामं कसं पाठवायचं म्हणून बायको, नुरीस, आंबे काढायला लागली. बजावलं, खायची एकही वस्तू त्या घरात जाता कामा नये. नुरीस हो म्हणाली. ऐकते माझं.

१५ मार्च
फेर्मिन पुन्हा बेसबॉल बघतोय. नाटक! जुनी मॅच साठवलेली असणार.
उद्याच्या कॉलसाठी टॅब्लेट काढला. नवं वायफाय त्यात दिसतच नाही. खोलीत, गच्चीवर, फ्रिजपाशी, सगळीकडे धरून पाहिला. नुरीस म्हणाली, अहो, दहा वर्षांचा आहे तो. म्हटलं, कुलूप पक्कं असल्याचाच हा पुरावा. आमचे दोघांचे फोन बटणांचे. उद्यापर्यंत होईल काहीतरी.

१६ मार्च, ४.०५
टॅब्लेट ढिम्म. नुरीस चपला घालून कुठंतरी गेली.

४.४०
फेर्मिनच्या अंगणातून तिची हाक आली. गेलो. त्याच्या फोनवर यानेल्का, मांडीवर नात. चित्र स्वच्छ. वायफाय माझं. नातीनं जांभई दिली आणि मला रडू आलं. त्याच्यासमोर.
नंतर विचारलं, आत कसा शिरलास? म्हणाला, खिरीच्या भांड्यातून चिठ्ठी आली की! आणि कंपाद्रे, कुलूप एकदम भारी आणलंस हं. मग स्वतःची खुर्ची मला दिली.

१७ मार्च
पासवर्ड बदलायला बसलो. नुरीस म्हणाली, खुशाल बदला, पण चिठ्ठ्या दोन लिहा. पुढचा कॉल रविवारी चारला आहे.
दोन लिहिल्या. फेर्मिनच्या चिठ्ठीत अक्षर मोठं काढलं. त्याला बारीक दिसत नाही.