प्रयोगशाळेच्या दाराचं भोक

७ फेब्रुवारी १९८०
अब्रू गेली! मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची दारं-खिडक्या लावून बनियनवर आडवा झालो होतो — रोजच होतो, इथे कशाला लपवू? डोळा उघडला तर भिंतीवर हेडमास्तर भाईसर डोकं खाली, पाय वर करून चालतायत. सावली नव्हे — धोतर-टोपीसकट, रंगीत! ‘भूत!’ म्हणून ओरडलो आणि तसाच बनियनवर मैदानात. अख्खी शाळा हसली. आणि मी म्हणे विज्ञान शिकवतो.

८ फेब्रुवारी
निळ्या दाराला भोक सापडलं, मुगाएवढं. माझी झोप बघायला पोरांनी पाडलेलं. पोरांनी म्हणजे दहावीतल्या बाप्तिस्तनेच. माझ्या खुर्चीखाली नांग्या उगारलेली जिवंत कुर्ली सोडणारा तोच. तो नाही म्हणतो. भाईसरांना म्हटलं, शाळेतून नाव काढून टाका त्याचं. पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा आहे, हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, सोमवारी बघू. एरवी एवढे मवाळ नसतात.

९ फेब्रुवारी
आज जागाच राहिलो. दुपार फार लांब असते.

११ फेब्रुवारी
भोक बुजवायला कागदाचा बोळा घेऊन आत गेलो, दार लावलं. भिंतीवर उलटा माड, उलटी विहीर, आणि उलटी चालत येणारी बाप्तिस्तची आई, ईडा. अरे, हा तर सूचिछिद्र कॅमेरा — बारीक भोकातून बाहेरचं सगळं आत उलटं उतरतं! अकरा वर्षं फळ्यावर याची आकृती काढतोय, आणि स्वतः त्याच्या पोटात झोपलो तर भूत! एकटाच हसत सुटलो. तेवढ्यात भिंतीवरच्या ईडाने पदराने डोळे पुसले. माझी मलाच शरम वाटली.

बाहेर आलो. भाईसरांचं बोलावणं गेल्यावर ती शेतातून तशीच आलेली, पायाला चिखल.

“झील माझो वांड आसा सर, पण खोटां बोलना नाय.”

तडक भाईसरांकडे गेलो. म्हटलं, भोक मीच पाडलं — शनिवारच्या ग्रहणाच्या प्रयोगासाठी! ते नुसतंच ‘बरां’ म्हणाले. बाप्तिस्त सुटला.

१६ फेब्रुवारी
ग्रहण. गाव दारं लावून बसलेलं, तरी चाळीसजण आले. ईडासुद्धा. काळोख्या खोलीत जमिनीवर सूर्याची कोर उतरली, बाप्तिस्तने तळहातावर झेलली. मी न अडखळता सगळं समजावलं. अंगावर मूठभर मांस चढलं!

१८ फेब्रुवारी
भाईसरांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. सुताराचं भोकं पाडायचं गिरमिट. टोकाला निळा रंग.

“भोक तुमी पाडलास ना? मगे ह्यां तुमच्याकडेच रवांदे. तुमी निजतास काय ता बघूक माका आता वाकूक नको.”