ससाणी कोणाच्या नावावर

मी, नाझिम उस्ताओग्लू, वय वर्षे एकाहत्तर, राहणार आर्हावीच्या वरचा चहाचा डोंगर, आज हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात. म्हणून ही घाई. आधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात लिहिली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच लिहितो आहे, पण हे कायम.

१. घर व त्याखालचा चहाचा मळा माझी एकुलती एक मुलगी शाझिये हिला. इस्तंबूलच्या पुतण्यांनी चौकशीची तसदी घेऊ नये. एरवीही घेत नाहीत.

२. कड्यावरची फांद्यांनी झाकलेली माझी दबा धरायची जागा आणि हातजाळे शाझियेला. रातकिडा दाखवून खाटीक पक्षी धरायचा, खाटीक दाखवून ससाणी, आणि ससाणीकडून लावे, हे ती नऊ वर्षांची असल्यापासून करते. तिच्याइतका हलका हात गावात कोणाचा नाही. माझाही नाही. हे मी तिला कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

३. माझी ससाणी शाझियेलाच, कायदा काहीही म्हणो. कचेरीतल्या साहेबांनी मला नियम वाचून दाखवला आहे: रानातला पक्षी सरकारचा, परवानेदाराने हंगामापुरता एकच सांभाळायचा, परवानेदार मेला की परवाना संपला, पक्षी कचेरीत जमा.

"मग मुलीला परवाना द्या," मी म्हणालो.

"नवे परवाने बंद आहेत, काका."

"सुरू कधी होणार?"

"वरून कळलं की कळवू."

ही वरची मंडळी कोण, अल्ला जाणे. माझ्या घराच्या वर फक्त डोंगर आहे. शिवाय ससाणी धरायला परवानगी आहे, पण तिला भुलवणारा खाटीक धरायला नाही. म्हणजे पोहा, पण पाण्यात उतरू नका! आणि मी गेल्यावर शाझियेने तासभर जरी पक्षी हातावर घेतला, तरी ती गुन्हेगार.

४. पक्षी जमा करणे मला मान्य नाही. अकरा वर्षांपूर्वी शेजारी रेफिकने तक्रार केली, आणि माझी तेव्हाची ससाणी कचेरीत नेली. चौथ्या दिवशी ती खोक्यात मेली. तेव्हापासून मी रेफिकशी बोललेलो नाही. त्याला माझ्याकडून काहीही नाही. जनाज्याला यायचेच असेल तर मागच्या रांगेत उभे राहावे.

इथवर लिहिले, तोच शाझिये चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचू लागली.

"बाबा, रेफिककाकांची तक्रार खोटी होती का?"

"तू चहा ठेव."

"लावे संपले की पक्षी सोडायचा. ही आपली रीत, कायद्याच्याही आधीची. तेव्हा तर जानेवारी उजाडला होता."

खरे आहे. माझी बायको हावा अंथरुणाला खिळली होती. ससाणीच्या पायातले घुंगरू वाजले की घरात कोणीतरी हिंडते आहे असे वाटते, म्हणायची. म्हणून सोडली नाही. रेफिकला हे ठाऊक नव्हते. मी सांगितलेही नाही.

"हिला माझ्या नावावर करून मला काय मिळणार? कचेरीचे हेलपाटे? सोडा तिला, बाबा. तुमच्याच हातानं."

"हंगामाचे अजून तीन आठवडे आहेत."

"आणि तुमचे?"

अशी मुलगी वाढवली, दोष माझाच.

५. कलम तीन रद्द. काल लिहिणे तिथेच थांबले; आज सकाळी मी ससाणीच्या पायातली वादी कापली आणि घुंगरू काढून घेतले. सहीला साक्षीदार हवे होते आणि जवळचे घर रेफिकचे, म्हणून शाझियेने त्यालाही बोलावले होते. ससाणी थोडा वेळ अंजिरावर बसली, मग डोंगराकडे गेली. मी रडलो. रेफिकने टोपी काढली. मग मी त्याला हावाची गोष्ट सांगितली. कलम चारमधली मागची रांगही रद्द.

६. घुंगरू शाझियेला. परवाने सुरू होतील तेव्हा ते पक्ष्याच्या पायात जाईल. तोवर खिडकीला बांधावे.

आर्हावी, ८ सप्टेंबर २०२३

सही: नाझिम उस्ताओग्लू

साक्षीदार:

सेलाहत्तिन चेलेबी, चहाच्या वजनकाट्यावरचा.

रेफिक काराआली, शेजारी. ससाणी सोडली तेव्हा मी हजर होतो. या खेपेला माझी काही तक्रार नाही.