फाट्यावरची चिंधी

काकाजी, उद्याचा फेरा समुद्रपुराच्या बाजूचा आहे आणि त्याची पाहणी करून मी आत्ताच घरी आलोय. पाय धुतले, चहा घेतला, चिंध्यांची पिशवी खुंटीला लावली, आणि वाटलं की तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही. पण आज जे झालं ते मंडळात कुणाजवळ बोलण्यासारखं नाही, आणि मी ज्याला भ्यायचो असा तुमच्याखेरीज दुसरा माणूस मला भेटला नाही. बापालाही मी कधी भ्यालो नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही माझे सख्खे काका नव्हेत. वर्ध्यात सगळेच तुम्हाला काकाजी म्हणत. जन्मभर पटवारकी केलेला माणूस पेन्शनीत गेला की ओट्यावर बसून लोकांच्या भानगडी ऐकतो. तुम्ही मात्र चालायला लागलात, आणि आमच्यासारख्या पंधरा-वीस रिकामटेकड्यांनाही चालायला लावलंत. दर रविवारी पहाटे निघायचं, कुठल्या तरी पांदणीनं शेताशेतांतून सात-आठ मैल जायचं, विहिरीवर भाकर खायची आणि ऊन चढायच्या आत परत. तुम्हाला पांदण न् पांदण तोंडपाठ. कुणाच्या धुऱ्यावर आंबा आहे, कुठली विहीर खारी, कुठला मालक तापट, सगळं. पहिल्या फेऱ्याला मी आलो तेव्हा एका गावाच्या वेशीवर म्हाताऱ्याने आपल्याला अडवलं होतं.

"कोणाच्या लग्नाले चालले?"

"कोणाच्याच नाई," तुम्ही म्हणालात.

"मंग मयतीले?"

"नाई गा."

"मंग काऊन चालून राह्यले एवढे जण?"

"गाडी नाई म्हणून चालते त्याले काम म्हणतात. गाडी असून चालते त्याले मंडळ म्हणतात," तुम्ही म्हणालात, आणि म्हातारा इतका हसला की त्याने आपल्याला गूळ-पाणी दिलं.

मी तेव्हा नुकतंच कॉलेज सोडलेलं. दुसऱ्या वर्षात होतो. वहीच्या समासात मी एक नाव सतरा वेळा लिहिलं होतं, ते प्राध्यापकांनी भर वर्गात मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला. मी वही उचलून भिंतीवर मारली आणि जो निघालो तो परत गेलोच नाही. घरी सगळ्यांनी डोक्याला हात लावले. तुम्ही एवढंच म्हणालात, "कालेज सोडलं तं सोडलं. रागात निंघालेला माणूस चांगला चालते. रविवारी पाच वाजता येजो." त्या एका वाक्यावर मी अजून चालतो आहे, काकाजी. नाव कुणाचं होतं ते तुम्ही विचारलं नाहीत. पुढे विचारायची गरजही उरली नाही म्हणा. आपल्या मंडळातल्या मास्तरीणबाईंची भाची शिकायला त्यांच्याकडे राहायची, कधीमधी फेऱ्याला यायची, आणि ती आली की मी उगाचच झाडावर चढायचो.

तुमची रीत मला पहिल्यांदा खुळचटपणा वाटली होती. फेऱ्याच्या आदल्या दिवशी एकानं सगळा रस्ता चालून यायचं. जिथं पांदण फुटते तिथं, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या बाभळीला, हाताला येईल एवढ्या उंचीवर जुन्या धोतराची चिंधी बांधायची. रविवारी सगळे त्या खुणेवर वळणार, आणि सगळ्यांच्या शेवटी चालणारा माणूस ती सोडून खिशात घालणार. शेवटी नेहमी तुम्ही. मी एकदा म्हटलं, राहू द्या की बांधलेली, पुढच्या वेळी कामाला येईल. तुम्ही थांबून माझ्याकडे पाहिलंत. "रस्ता वावरवाल्यायचा आहे. आपण आलतो हे त्यायले दिसाले नाई पाह्यजे." आणि मागे राहण्याबद्दल विचारलं तर म्हणालात, "समोरचा नुसता चालते. मांगच्याले समजते कोण लंगडते, कोणाचं पाणी सरलं, कोण कोणावर रुसलं. फेरा मांगूनच चालवा लागते."

मग तुमचे गुडघे धरले आणि शनिवारची पाहणी तुम्ही माझ्यावर सोपवलीत. मंडळात तोंडं वाकडी झाली. आपले कंपाउंडर तर माझ्यासमोरच म्हणाले, "काकाजी, ह्या पोट्ट्याले बिडी पेटवाले काडी लागत नाई, बिडीच कपाळावर घासते." तुम्ही हसलात आणि चिंध्यांची पिशवी माझ्या खांद्याला लावलीत. तेव्हा मला जे वाटलं ते डिग्री मिळून वाटलं नसतं. चार महिने मी इमानानं पाहणी केली. पाचव्या महिन्यात, फाल्गुनातल्या त्या शनिवारी, मास्तरीणबाईंची भाची पुलगावला आपल्या घरी चालली होती.

पाहणीला म्हणून मी पिशवी घेऊन निघालो आणि स्टेशनवर गेलो. ती बायकांच्या डब्यात, मी तीन डबे मागे. पुलगावच्या फलाटावर ती समोर आली. "तुम्ही इकडं कुठं?" मी म्हटलं, "गिरणीत काम आहे." ती म्हणाली, "गिरणी तिकडं आहे," आणि मी चाललो होतो त्याच्या उलट्या बाजूला बोट दाखवून हसत निघून गेली. एवढंच. एवढ्यासाठी मी तुमचा शनिवार जाळला. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर होती, तिच्यातल्या सगळ्या चिंध्या तशाच घडी केलेल्या. रात्री तुम्ही विचारलंत, "पाहून आला?" मी म्हटलं, "आलो." पांदण ओळखीची आहे, काय व्हायचंय, असं मनाशी म्हणत झोपलोसुद्धा.

रविवारी मी पुढे आहे, मागे पंधरा माणसं, सगळ्यांच्या शेवटी तुम्ही. पहिला फाटा मी अंदाजानं वळतो. दुसराही. पळस फुललेले आहेत, मास्तरीणबाई काहीतरी गुणगुणताहेत, मला वाटतं निभावलं. आणि जिथं भाकर खायची ती आमराईची विहीर हाकेवर आलेली असताना पांदणीत आडव्या काट्या टाकलेल्या. पुरुषभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालकानं वाट बंद केली होती.

"काल पाह्यला ना रस्ता?" कंपाउंडर म्हणाले.

"पाहिला. रात्रीतून टाकल्या असतील."

काट्यांवर कोळ्यांची जाळी होती, जाळ्यांवर धूळ. तीन-चार आठवड्यांच्या तरी जुन्या. सगळ्यांना दिसत होतं. मला राग आला. कुणाचा ते विचारू नका, माझा राग नेहमी समोर दिसेल त्याच्यावर निघतो. "चला, शेतातून जाऊ," म्हणून मी कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या काळ्या रानात घुसलो. उन्हानं ती जमीन भेगाळली होती, आणि भेगांवर पालापाचोळा. पन्नास पावलं गेलो नसू तोच आपल्या शिंपीमामांचा पाय एका भेगेत गुडघ्यापर्यंत गेला. ओढून काढला तर घोटा बघता बघता सुजला. मामा घामानं निथळत खाली बसले आणि म्हणाले, "जल्मभर मी लोकायचं माप घेतलं. आज ह्या काळीनं माह्यं घेतलं." कुणी हसलं नाही. पाणी संपत आलं होतं, ऊन चढलं होतं, आणि मला, पुढे चालणाऱ्याला, आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं.

तुम्ही मागून आलात. मला बाजूला केलं नाहीत, ओरडला नाहीत. एक हात मामांच्या काखेत घातलात आणि नाकानं हवा हुंगल्यासारखं करून म्हणालात, "भुशाचं धुपट येऊन राह्यलं. खळं असन." नाल्यापलीकडे खरंच गोंडांचं एक कुटुंब हरभरा मळत होतं. आपल्याला बघून म्हातारी उठली. त्या वर्षांत पायी हिंडणारे लोक म्हणजे जमीन दान मागणारे, असं सगळ्यांना वाटायचं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जमीन मांगाले आले असान तं आमच्यापाशी नाई, बाबू. आम्हीच दुसऱ्याच्यात राबतो."

"नाई माय, पाणी मांगाले आलो," तुम्ही म्हणालात.

ती आपल्या बोलीत सुनेला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या, आणि डेऱ्यातलं पाणी मिळालं. मामांचा घोटा तिनंच चोळला. सगळ्यांची तहान भागली तसा कंपाउंडरांना कंठ फुटला. "मी सांगतो, ह्या पोट्ट्यानं रस्ता पाह्यलाच नाई. दोन फाटे वळलो. एक तरी चिंधी दिसली का कोणाले?"

पंधरा माणसं माझ्याकडे बघताहेत. माझ्या तोंडात शिवी तयार आहे, आणि तिच्या मागे रडू. आणि तुम्ही बंडीच्या खिशात हात घालता. मूठ उघडता. दोन चिंध्या.

"हे काय? मी सोडून राह्यलो ना मांगं. तुम्ही गप्पा हाणत चालता, तुमाले काय दिसते? काट्यायपर्यंत तो गेला नाई, ते त्याचं चुकलं. पण रस्ता त्यानं पाह्यला."

कंपाउंडर पुन्हा पाणी घ्यायला डेऱ्याकडे वळले.  मी एकही चिंधी बांधली नव्हती, हे त्या खळ्यावर दोघांनाच माहीत होतं. त्या मागच्या रविवारच्या होत्या, तुमच्या खिशात राहिलेल्या. म्हणजे पहिल्याच फाट्यावर, बाभळ रिकामी बघून, तुम्हाला सगळं समजलं होतं.

दुसरा कुणी असता तर पायावर पडला असता. मी सोमवारी सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात शिरून भांडलो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी खोटं बोलायला? मला कुणाची दया नको!" काकीजी चुलीपुढे भाकर थापत होत्या, तुम्ही जुनं धोतर फाडत बसला होतात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बस. भाकर खाऊन भांड." काकीजी म्हणाल्या, "ह्यायचं धोतर ह्यायच्यापेक्षा बाभळीच जास्त नेसतात, बाबू. घे, बस." काय करणार, बसलो. तव्यावरची भाकर, लसणाची चटणी. अर्धी भाकर पोटात जाईपर्यंत माझा आवाज खाली आला होता, तेव्हा तुम्ही बोललात.

"कोठं गेलता ते मले सांगू नोको. रस्त्यावर गेलता नाई, एवढं समजलं मले. तुह्यासाठी नाई बोललो मी. त्यायच्या मनातून तू उतरला असता तं पुढच्या रविवारी तुह्या मांगं कोणी आलं नसतं, अन् माह्ये गुडघे गेले. मंग फेरा गेला." मग तुम्ही धोतराची एक लांब पट्टी टर्रकन फाडलीत. "रस्ता लोकायसाठी पाह्यचा. आपल्यासाठी जाचं असन तं एकटं जावं. लोकायले संग नेऊ नाई."

त्या शनिवारी मी पहाटेच निघालो. काट्यांना वळसा घालणारी वाट शोधली, आमराईच्या मालकाची परवानगी घेतली, खळ्यावरच्या म्हातारीला गूळ दिला. रविवारी तोच फेरा पुन्हा केला. शिंपीमामा काठी टेकत आले, "पाहू दे, जमीन आज किती इंच सोडते." परत आल्यावर घराच्या दारात तुम्ही खिशातून सात चिंध्या काढल्यात आणि माझ्या हातावर ठेवल्यात. मी सातच बांधल्या होत्या. आयुष्यात मला मिळालेलं बक्षीस म्हणाल तर तेच.

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, समुद्रपुराकडच्या गावात. मांडव पेटवून देईन म्हणत मी फिरत होतो. लग्नाच्या दिवशी सकाळीच तुम्ही दारात, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. "चाल, धामेपर्यंत जाऊन येऊ." नदीपर्यंत आणि परत, दिवसभर, तुम्ही तिचा विषय काढला नाहीत. फक्त दर मैलाला थांबून म्हणायचात, "हळू रे. माह्यासाठी हळू." पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या शेवटच्या फेऱ्यात, स्मशानापर्यंतच्या, सगळे पुढे घाई करत होते. मी शेवटी चाललो, एकटा, कोण लंगडतं ते बघत. छापखान्यात लागलो, खिळे जुळवतो, संताप अजून तसाच आहे. पण इतक्या वर्षांत पाहणी एकदाही चुकवली नाही.

आणि उद्याचा फेरा. जागा मी ठरवली नाही, शप्पथ. शिंपीमामांना तिकडची नदी बघायची होती. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, पांदणीनं मैलभर गेलं की ती दोन्हीकडे फुटते. उजवीकडे नदी. डावीकडे तिचं गाव. आज मी त्या बाभळीखाली किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. वीस माणसं घेऊन त्या गावात पाणी मागायला गेलो असतो तर कुणाला काही वाटलं नसतं. मास्तरीणबाई सोबत, मग तर तिच्याच दारात चहा झाला असता. खोटं एकही बोलावं लागलं नसतं. डावीकडच्या बाभळीला चिंधी धरूनसुद्धा पाहिली मी. आणि सासरच्या अंगणात तिला माझ्याकडे बघू की नको असं झालं असतं, सगळ्या मंडळासमोर, माझ्या हौशीपायी. तुमचं वाक्य आठवलं. गाठ मारली नाही. उजवीकडच्या बाभळीला बांधली, घट्ट, आणि नदीपर्यंतचा सगळा रस्ता पाहून आलो. काट्या नाहीत, भेगा नाहीत, विहिरीवर दोर आहे. उद्या सगळे नीट जातील.

हे पत्र चिंध्यांच्या पिशवीत तळाशी घालून ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं, काकाजी. चिंधी बांधण्याआधी मी डावीकडे गेलो होतो. अर्धा मैल. गावाची कौलं दिसली, विहिरीवर दोन-तीन बाया होत्या, लांबून कोण ते ओळखू आलं नाही. तिथूनच फिरलो.

तुम्ही सांगितलं होतं तसं, एकटाच गेलतो.