मागच्या चाकावरची सीट

४ फेब्रुवारी

आमच्या हृदयविभागाच्या सरांनी आज स्पष्टच सांगितलं — पंप. बाबांच्या हृदयाची डावी बाजू आता औषधांना दाद देत नाही. छातीत पंप बसवायचा, त्याची वायर पोटातून बाहेर काढायची, कमरेला कंट्रोलर आणि दोन बॅटऱ्या. हे सगळं मी इतरांच्या नातेवाईकांना नेहमी समजावते. आज टेबलाच्या पलीकडे बसले होते आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होते.

बाबांचा प्रश्न एकच. "बॅटरी संपली तर?"

"संपू द्यायची नाही," सर म्हणाले.

"म्हणजे धक्का मारायला माणसं जवळ ठेवायची!" जन्मभर बस चालवली, त्यामुळे सगळं तिकडूनच कळतं त्यांना. सर हसले. मी हसले नाही. आई टेबलावरच्या बॅटरीच्या चित्राकडे बघत होती.

७ फेब्रुवारी

पंप बसवलेल्या माणसाजवळ घरात शिकवून तयार केलेलं एक माणूस लागतं. बॅटऱ्या बदलायला, पोटावरची पट्टी रोज बदलायला. मी दिवसभर नोकरीवर. म्हणजे आई.

सिस्टरने टेबलावर सरावाचा पंप मांडला. "काकू, एका वेळी एकच बॅटरी काढायची. दुसरी जोडलेली राहिली पाहिजे. एवढं एक पाळलं की झालं."

आईने दोन्ही काढल्या.

तो अलार्म मला सवयीचा आहे. तिला नव्हता. ती जागच्या जागी गोठली. हातात दोन बॅटऱ्या, कुठे ठेवायच्या तेही कळेना.

"आई! एकच म्हटलं ना? आत्ता इथे बाबा असते तर —"

वाक्य तोडलं, पण पोचायचं ते पोचलं होतं. तिने बॅटऱ्या टेबलावर ठेवल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, मार चुकवणाऱ्या मुलीसारखे.

"होतं असं, काकू. पुन्हा करू," सिस्टर म्हणाली. त्यानंतर आईने प्रत्येक वेळी बरोबर केलं. मी कागदावर लिहिलं : प्रशिक्षण पूर्ण.

घरी येताना तिने एवढंच विचारलं, "घरी पण तो एवढ्याच मोठ्याने वाजतो का गं?"

"एवढ्याच." खरं तेच सांगितलं.

१० फेब्रुवारी

बाबा सौदा करायला बसले. "महिना दे मला. रोज चालतो. नाही सुधारलो तर बसवा तुमचं इंजिन."

मी म्हटलं, चालला नाहीत तर मला कळेल. त्यांच्या खांद्याखाली दोन वर्षांपासून ठोके सांभाळणारं एक छोटं यंत्र आहेच. ते अंगाची हालचालही मोजतं. पलंगाशेजारचा डबा सकाळी सगळे आकडे आमच्या तपासणीच्या खोलीत पाठवतो.

"पावलं मोजतं?"

"पावलं नाही. अंग किती हललं ते. त्यावरून आम्ही चालणं धरतो."

"अस्सं!" बाबांनी बारकाईने ऐकलं. ते प्रथमच आपल्या आजारात रस घेताहेत, याचं मला बरं वाटलं. सरांनी महिना दिला. फक्त महिना.

११ फेब्रुवारी

घरच्या माणसाचे आकडे आपण तपासायचे नाहीत, असा आमचा नियम. बाबांचे माझ्या एका सहकाऱ्याकडे गेले. कुणाच्याही यंत्राची आधी बॅटरी विचारतो, म्हणून त्याचं नावच बॅटरी पडलंय. नियम पाळते. त्याच्या खांद्यावरून वाकून बघते.

नवीन आलेल्या मुलीला तो आज रोलरवाल्याची गोष्ट सांगत होता. रस्ते दाबायचा रोलर चालवणारा एक रुग्ण. हादऱ्यांमुळे बसल्या जागी त्याची हालचाल दिवसाला सहा तास! आधीच्या डॉक्टरांनी म्हणे त्याचं अभिनंदन केलं होतं. आम्ही दरवेळी हसतो. आजही हसलो.

२० फेब्रुवारी

हालचाल वाढतेय! पहिल्या आठवड्याच्या दुप्पट.

दुपारी आईचा फोन. "आज बागेपर्यंत गेले होते. उद्या पुढच्या चौकापर्यंत जातो म्हणतायत."

"दम लागला?"

"नाही गं. छान आहेत."

माणसं कशी आहेत ते मला त्यांच्या आवाजावरून कधीच कळत नाही. रेषेवरून कळतं. रेष वर चाललीय.

२७ फेब्रुवारी

बॅटरीने दुसरी रेष दाखवली. छातीत पाणी साठायला लागलं की ती खाली येते. ती खाली येतेय.

"ही बघितलीस?"

"सर्दी झालीय त्यांना."

"रात्रीचे ठोकेही उतरत नाहीयेत."

"सर्दीत नाही उतरत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चहा आणायला गेले.

१० मार्च

महिना संपला. सरांना बाबांना व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून बघायचं होतं. बाबा म्हणाले, आज गुडघा धरलाय. मी म्हणाले, सर, आलेख आहे ना. महिन्याभराचा आहे. व्हरांड्यातल्या सहा मिनिटांपेक्षा जास्त सांगेल.

सरांनी आलेख पाहिला, मग मला. "तू म्हणतेस तर थांबू. आणखी एक महिना."

लिफ्टमध्ये बाबा शिट्टी वाजवत होते. आई आकड्यांकडे बघत होती — चार, तीन, दोन.

१९ मार्च

सकाळी बाबा न्हाणीच्या दारात कोसळले. ओठ निळे. आता आयसीयूत.

२१ मार्च

सरांनी मला बाहेर बोलावलं. मूत्रपिंडं थकलीत. हृदयाची उजवी बाजूही गेली. "डावीकडे पंप लावला, तरी त्याच्यापर्यंत रक्त आणून द्यायला उजवी बाजू हवी ना. मागच्या आठवड्यात केलं असतं तर..." ते थांबले. मी कागदाकडे बघत राहिले. इतरांचे नातेवाईक अशा वेळी काहीतरी विचारतात. मला सगळं माहीत असल्यामुळे विचारायला काही उरत नाही.

पंप आता कधीच नाही.

२२ मार्च

बॅटरीने महिन्याचे आकडे पुन्हा उघडून दिले. या वेळी माझ्या हातात माउस दिला आणि खुर्ची सोडून उठला.

हालचाल रोज तीन तास. त्या तीन तासांत ठोके एकदाही वर गेलेले नाहीत. चालणाऱ्या माणसाचे जातात. आजारी माणसाचे तर जातातच. हे मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी शिकवते.

"रोलर," मी म्हटलं.

बॅटरीने खोलीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत बाबांना विचारलं. आवाज चढवला नाही. "कुठे जायचात?"

आधी त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आपल्याच रूटला. डेपोपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत. परत. पुन्हा एकदा."

"कुठल्या सीटवर?"

"डावीकडची, मागच्या चाकावरची. ड्रायव्हर झोपलेल्या पोराला तिथे कधी बसवत नाही." आणि हसले! नाकात नळी, आणि हसले. "हाडं खिळखिळी होतात बघ. तुझं यंत्र खूश झालं असेल."

"का केलंत असं?"

"कंटाळा आला होता घरात."

हे खोटं आहे, एवढं मलाही आवाजावरून कळलं.

२३ मार्च

आईला सांगितलं. "मला काय माहीत! मला म्हणायचे, बागेत जातो," ती म्हणाली आणि बाबांचा टॉवेल पिळायला निघून गेली. टॉवेल कोरडा होता.

मला दोघांचीही कीव येते. त्यांचा, सरांचा, कुणाचाच राग येत नाही. आलेख आहे ना, हे माझंच वाक्य.

३१ मार्च

बाबा घरी. हाताला नळी, कमरेच्या पिशवीत औषधाचा छोटा पंप, थेंब थेंब चोवीस तास. शेवटी कमरेला बॅटरी आलीच! आज ती मी बदलली. आई दारात उभी राहून बघत होती. आत आली नाही.

सर म्हणाले होते, "त्यांना हवं ते करू द्या." आठवडे की महिने, मी विचारलं नाही.

बाबांना हवंय काय, तर बस.

३ एप्रिल

काही लिहिलं नाही दोन दिवस. लिहिण्यासारखं काही करता येत नाही. पाय सुजलेत, उशी उंच केली. पुन्हा उंच केली.

५ एप्रिल

रजा टाकली. रिक्षाने तिघं डेपोत गेलो. ड्रायव्हर बाबांच्या हाताखाली शिकलेला. बस सुरू न करता थांबला होता. "या उस्ताद! आणि वहिनी, तुम्ही दोघं इतके दिवस कुठे गायब? ही सीट रोज रिकामी जातेय."

आई आधी चढली. सरळ मागच्या डाव्या चाकावरच्या सीटपाशी गेली, खिडकीकडे सरकली, बाबांसाठी जागा ठेवली. कुठली सीट ते मी तिला सांगितलं नव्हतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तो अलार्म वाजला होता त्या दिवशीसारखे दोन्ही हात मांडीखाली घेतले.